पत्र्याला फुटलेला घाम

रविवार, १६ ऑक्टोबर

जॉयसनं नॉटिंगहॅमहून पोस्टानं ही वही पाठवली. सोबत चिठ्ठी, "आई, मनातलं लिहीत जा, मोकळं वाटेल." मुलीला वाटतं आई मनात काहीतरी साठवून बसली आहे. शाळेच्या स्वयंपाकघरात माझं आयुष्य गेलं. मनात आलं की तिथल्या तिथं बोलून टाकायचं आणि पुढचं भांडं घासायला घ्यायचं, ही माझी रीत. पण वहीचा कागद जाड आहे, आणि पोरीनं आठवण ठेवली. म्हणून लिहिते.

काल रात्री पहिल्यांदा दव गोठलं. सकाळी रुळांपलीकडे, भाज्या-फुलं लावायला भाड्यानं घेतलेल्या आमच्या प्लॉटवर गेले तर माझ्या नवऱ्याचे, विल्फचे सगळे डेलिया काळे पडून माना टाकून उभे. बाकीच्यांचं मला काही नाही, ते कुठेही मिळतात. पण कडेची ती तीन झाडं विल्फनं स्वतः बी पेरून वाढवलेली. नुकत्याच घासलेल्या तांब्याच्या किटलीचा रंग, आणि पाकळ्यांच्या टोकांना किंचित पिवळं. असं फूल दुसऱ्या कुणाकडे नाही. अजून त्याला नावसुद्धा नाही. सप्टेंबरच्या प्रदर्शनात पहिल्यांदा मांडणार होता, आणि प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात हा माणूस परसात मोजे वाळत घालता घालता गेला.

आता जमिनीखाली त्या तीन झाडांचे तीन गड्डे आहेत. हिवाळाभर ते कोरडे ठेवायचे, मार्चमध्ये उठवायचे. ते कुजले तर विल्फचं फूल जगातून गेलं. मी कधी डेलिया सांभाळलेले नाहीत. मी शिजवणारी बाई.

शनिवार, २२ ऑक्टोबर

गड्डे काढले. कुदळ एकीकडे नि मी एकीकडे, असं चाललं होतं. शेजारच्या प्लॉटवरचा कथबर्ट टीसडेल कुंपणाशी येऊन उभा राहिला, टोपी काढली, पुन्हा घातली. हा माणूस दरवर्षी प्रदर्शनात विल्फच्या मागे दुसरा यायचा. टाळ्या वाजवायचा आणि मग आठवडाभर क्लबात तोंड दाखवायचा नाही. मला अजून आडनावानंच हाक मारतो.

"रेनबाई, जरा लांबून खणा. देठाखालच्या मानेला धक्का लागला तर कोंब येणार नाही."

"ये मग आत. लांबून शिकवू नकोस."

आला. माझ्यापेक्षा बराच हळू हाताने काढले त्याने, बाळ पाळण्यातून उचलावं तसे. देठांतलं पाणी निथळावं म्हणून उलटे टांगायचे, मग गंधकाची पूड लावून लाकडाच्या भुशात पेटीत ठेवायचे, हे सगळं सांगितलं. मी मनापासून आभार मानले. आणि मग म्हणतो कसा, "तिन्ही एकाच ठिकाणी ठेवू नका. एक माझ्याकडे द्या. म्हणजे इकडे काही झालंच तर."

मी त्याच्याकडे पाहिलं. दुसऱ्या नंबरचा माणूस पहिल्या नंबरच्या फुलाकडे जसं बघतो, तसाच तो बघत होता.

"विल्फला चाललं असतं का हे?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. खोटं बोलत नाही, एवढं त्याचं मानलं पाहिजे.

"मग मलाही नाही चालत."

तो गेल्यावर मी प्लॉटवरच्या शेडमध्ये विल्फच्या खुर्चीवर बसले. एवढ्या वर्षांत त्या शेडमध्ये मी पाऊल टाकलं नव्हतं. इथे कुणी कुणाच्या शेडमध्ये जात नाही, बायको तर नाहीच. त्याचा तंबाखूचा वास अजून आहे. त्याचा छोटा स्टोव्ह बाहेर उलट्या बादलीवर गंजत पडला होता, तो आत आणून पेटवला आणि चहा केला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा चहाला चव लागली. रोज यायचं ठरवलं. गड्ड्यांनाही सोबत होईल.

शनिवार, ५ नोव्हेंबर

आज दरवर्षीची शेकोटीची रात्र. पोरं प्लॉटच्या कडेला लाकडं रचतायत. त्यांचा गलका होण्याआधी मी शेडचं काम उरकून घेतलं.

विल्फची ही शेड म्हणजे चाळणी आहे. दाराखाली फट, मागच्या फळीत भोक, आणि पत्र्याच्या खाली दोन्ही बाजूंना हात जाईल एवढी मोकळी जागा. घरात दाराखालून एवढासा वारा आला तर कुरकुर करणारा माणूस, आणि इथे वाऱ्यात बसायचा! आमच्या गावात घर कसं ठेवावं हे कुणाला शिकवावं लागत नाही. खाणीचा कोळसा घरपोच येतो, शेगडी दिवसभर पेटलेली, आणि दाराशी कापडाची लांब वळकटी. मी शेडही तशीच केली. दाराखाली जुना गालिचा, फळ्यांत वर्तमानपत्र, आणि पत्र्याखालच्या त्या लांब फटीत विल्फचे जुने लोकरी मोजे. एकेक गोळा करून खोचला. फेकवत नव्हते, आता कामाला आले.

कथबर्ट कुंपणावरून बघत होता.

"रेनबाई, ती फट विल्फनं मुद्दाम ठेवली होती."

"विल्फनं पुष्कळ गोष्टी मुद्दाम तशाच ठेवल्या होत्या. माझ्या मोरीचा नळ त्यातलाच."

तो हसला नाही. नळ अजून गळतोच आहे, ते वेगळं. शेड मात्र आत्ता कशी ऊबदार झाली आहे! दोन कप चहा प्यायले आणि विल्फला सगळ्या गावाच्या बातम्या सांगितल्या.

सोमवार, १४ नोव्हेंबर

चहात थेंब पडला. वर बघितलं तर पत्र्याला आतून घाम फुटलेला. सगळीकडे बारीक थेंब, एकमेकांना मिळून मोठे होतात आणि टपकतात. पत्रा गळतोय म्हणून मेव्हिसकडून शिडी आणली (मेव्हिस म्हणजे कथबर्टची बहीण, चॅपलमध्ये माझ्या शेजारी बसते आणि बेसूर गाते), वर चढून सगळ्या खिळ्यांना डांबर फासलं. अंगावरचा झगा गेला, पण काम झालं.

कथबर्टनं शिडी धरली. खालून म्हणाला, "गेल्या मंगळवारपासून पाऊस नाही, रेनबाई."

"मग?"

"मग गळतंय काय?"

माणसाला नुसते प्रश्न विचारता येतात. तरी शिडी धरली, त्याबद्दल मनात आभार मानले. मी खाली उतरले तरी त्यानं शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती, जसं काही अजून कुणी वर आहे.

शुक्रवार, २५ नोव्हेंबर

डांबरानं काही झालं नाही. थंडीमुळे ओल येते हे उघड आहे, म्हणून मेव्हिसचा रॉकेलचा हीटर मागून आणला. तिनं एका शब्दानं विचारलं नाही की परत कधी देणार. अशी माणसं भेटायला भाग्य लागतं. हीटर लावला, दार लावून घेतलं, स्टोव्हवर किटली ठेवली, आणि गड्ड्यांच्या पेट्यांवर थेंब पडू नयेत म्हणून प्लास्टिक घट्ट ताणून बांधलं. उकाडा झाला इतका की कोट काढून बसले.

पण आश्चर्य म्हणजे ओल वाढली. फळ्यांवरूनही ओघळ. खिडकीतून बाहेरचं दिसेना.

निघताना कथबर्ट त्याच्या काचघराच्या दारात उभा. "तुम्ही आत फार वेळ बसता, रेनबाई."

मला राग आला. "माझ्या नवऱ्याची शेड आहे. कितीही वेळ बसेन."

"हो हो. तसं नाही..." आणि टोपीशी चाळा. मग म्हणाला, "उद्या चहा माझ्याकडे घ्या. पाणी ठेवतो मी." बिचाऱ्याला एकटं वाटत असणार. लग्न केलं नाही, बहिणीच्या घरी राहतो. मी हो म्हटलं.

शुक्रवार, ९ डिसेंबर

एक गड्डा गेला.

प्लास्टिक सोडलं तर आतल्या बाजूला पाणी, भुसा ओला चिंब, आणि कोपऱ्यातल्या पेटीतला गड्डा बोट लावताच आत गेला. वरून राखाडी बुरशी. वास थेट विसरलेल्या बटाट्याच्या पोत्याचा. मी तो हातात घेऊन खूप वेळ बसले आणि रडले, हे लिहून ठेवते कारण मला दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही. माफ कर म्हटलं विल्फला. दुपारभर सांगत राहिले.

बाहेर आले तर कथबर्ट होता. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही, हातातल्या चिखलाकडे पाहिलं. "प्लास्टिक काढा तेवढं," एवढंच म्हणाला. ते मी काढलं. नवा कोरडा भुसा त्यानेच आणून दिला, दोन पोती, त्याच्या भाच्याच्या सुतारकामाच्या दुकानातून. आणि त्याच्याकडे चहा. तो रोज हल्ली मी शेडचं कुलूप काढायच्या आत हाक मारतो, "पाणी उकळलंय!" कसं काय नेमकं तेव्हाच उकळतं देव जाणे. स्वतःचा कप मात्र तसाच थंड करून टाकतो आणि मग मिरचीच्या कुंडीत ओततो. विसराळू आहे. त्याच्याकडून मी नंतर शेडमध्ये जातेच, विल्फला चुकल्यासारखं नको.

मंगळवार, २० डिसेंबर

कोळसा आणणाऱ्या माणसाला पत्र्याच्या घामाबद्दल सांगितलं तर त्यानं थर्माकोलचे मोठे तुकडे आणून दिले, कशाच्या तरी खोक्यातले. पत्र्याला आतून लाव म्हणाला, पत्रा गार लागणार नाही. काय देवमाणूस! कथबर्टनं नि मी मिळून लावले. त्यानं एका बाजूची फट मोकळी सोडायला सुरुवात केली तर मी त्याच्या हातातून मोजा काढून घेतला आणि परत खोचला. आमच्यात थोडी ओढाताण झाली. जिंकले मीच.

बुधवार, २८ डिसेंबर

नाताळला जॉयसकडे जाऊन आले. तिची माणसं फार चांगली आहेत, फक्त हंसाचं मांस कच्चं ठेवतात. जाताना गड्ड्यांची काळजी वाटत होती. आठवडाभर हीटर नाही, कुणी सोबत नाही. स्टेशनवरून पिशवीसकट तडक प्लॉटवर गेले.

शेड कोरडी! पत्रा कोरडा, थर्माकोल कोरडा, भुसा हातात घेतला तर सळसळला. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसले. थर्माकोलनं काम केलं. कोळसेवाल्याला केक नेऊन दिला, तो गोंधळला. देवाचे आभार मानले, विल्फला सांगायला बसले. किटली ठेवली, दोन तास झाले कळलंच नाही. जॉयसकडचं सगळं सांगायचं होतं.

सोमवार, २ जानेवारी

परत ओलं. थर्माकोलच्या फटींतून टपकतंय. मी वर्षाच्या पहिल्या दिवशी चॅपलमधून सरळ इथे येऊन बसले होते, छान गप्पा झाल्या, आणि आज बघते तर हे. ही शेड माझ्याशी वैर का करते आहे?

कथबर्टला म्हटलं, "मी नव्हते तर कोरडी, आले की ओली. जणू माझ्यावर रुसते."

तो काहीतरी बोलणार होता. पत्र्याखालच्या मोज्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "चहा घ्या."

बुधवार, ११ जानेवारी

आज सकाळी बघते तर दुसरा गड्डाही गेलेला. अर्धा कुजला होता, कापून बघितला तर आतपर्यंत तपकिरी. आता एकच उरला.

घरी आले. चॅपलच्या जेवणासाठी डुकराची मांडी उकळायला ठेवली. दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीवरून नेहमीसारखे ओघळ आले, मी नेहमीसारखं फडकं घेतलं आणि पुसायला लागले. गेली चाळीस वर्षं पुसते आहे. भांड्यातली वाफ, गार काच, पाणी. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या पोरीही ओरडायच्या, खिडकी उघडा बाई, भिंती गळतात. फडकं हातात तसंच राहिलं.

किटली. हीटर, तोही जळताना वाफच सोडतो, मेव्हिसच्या बाथरूमच्या भिंती काळ्या पडल्या आहेत ते मला ठाऊक होतं. माझा श्वास. माझं तासन्‌तास बोलणं, माझं रडणं. आणि बाहेर जायला एकही फट मी ठेवली नव्हती. विल्फच्या मोज्यांनी बुजवली.

मी त्याला सोबत करत होते. त्याला सोबत नको होती, त्याला वारा हवा होता. दोन गड्डे मीच मारले. मी किती मूर्ख बाई आहे, हे इथे लिहिते.

गुरुवार, १२ जानेवारी

उजाडताच गेले. एकेक मोजा उपटून काढला. दाराखालचा गालिचा काढला, वर्तमानपत्रं काढली, स्टोव्ह आणि किटली बाहेर ठेवली. वारा एका बाजूने आत शिरला आणि दुसरीकडून निघून गेला, मला गालावर लागला. उरलेला गड्डा भिंतीपासून दूर, विटांवर फळी टाकून त्यावर ठेवला. कथबर्ट कुंपणापलीकडे उभा राहून सगळं बघत होता. मी बाहेर आले.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"खाणीत मी हवा खेळवायच्या दारांवरच कामाला होतो, पोरगा असल्यापासून. एकीकडून आत, दुसरीकडून बाहेर. विल्फलाही ठाऊक होतं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं की. फटीचं सांगितलं, प्लास्टिकचं सांगितलं..."

"जोरात का नाही सांगितलंस? कानाला धरून का नाही सांगितलंस, की ऑलिव्ह, बाहेर निघ तिथून?"

तो टोपीकडे बघत राहिला. "तुम्ही त्याच्याशी बोलत होता, रेनबाई. इथपर्यंत ऐकू यायचं. मध्ये कोण बोलणार?"

मी हातांची धूळ झटकली. आम्ही दोघं त्याच्या काचघरात जाऊन बसलो. त्यानं पाणी ठेवलं.

रविवार, २९ जानेवारी

शेडमध्ये न बसणं सोपं नाही. आठवड्यातून एकदा दार उघडते, भुशात हात घालते, बंद करते. पाच मिनिटं नाहीत. पत्रा कोरडा आहे. त्याच्या खुर्चीकडे बघायचं टाळते. एकदा निघताना नुसतं "येते" म्हटलं, एवढ्या वाफेनं काही होत नसावं.

बोलायला आता कथबर्ट आहे. तो ऐकतो चांगला. विल्फबद्दल त्यानं एक सांगितलं, ते मला माहीत नव्हतं: एका वर्षी प्रदर्शनाच्या सकाळी कथबर्टचं फूल देठात मोडलं, तर विल्फनं स्वतःच्या पेटीतली काडी आणि दोरा दिला. मग अर्थातच विल्फ पहिला आला. "दोरा मात्र दिला," कथबर्ट म्हणाला. आम्ही दोघं खूप हसलो. किती दिवसांनी कुणी विल्फला हसतंय, त्याच्यासाठी रडत नाही, याचं मला बरं वाटलं.

मंगळवार, ७ फेब्रुवारी

आज पॅनकेकचा दिवस, ईस्टरच्या उपासांआधीचा. मेव्हिसकडे तव्याशी उभी राहून डझनभर केले, तिनं लिंबू पिळायचं काम केलं. हीटर परत दिला, नवी वात घालून. बोलता बोलता मी म्हटलं, "तुझा भाऊ फार चहा पितो बाई. माझ्याबरोबर रोज."

"कोण? आपला कथबर्ट?" मेव्हिस म्हणाली. "अगं, चहाचा त्याला वास सहन होत नाही! सैन्यात असताना डिझेलच्या डब्यातला चहा पाजला होता, तेव्हापासून एक घोट नाही. मी घरात केला तर परसात जाऊन उभा राहतो."

म्हणजे या हिवाळ्यात त्याला चहाची सवय लागली आहे. चांगलं झालं. माणसानं या वयातही काही नवं शिकावं. मेव्हिस माझ्याकडे बराच वेळ बघत होती, पॅनकेक करपला तरी.

रविवार, ५ मार्च

आज मदरिंग संडे, आईची आठवण काढायचा रविवार. जॉयसचा फोन, आणि दारात फुलं. लेकीनं लांबून व्यवस्था केली होती, डोळ्यांत पाणी आलं.

दुपारी तिसरा गड्डा काढला. कोरडा, चिवट, सुरकुतलेला. कुजलेला कुठेच नाही. पण मानेवर एकही डोळा दिसत नाही. कथबर्टनं चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. "जिवंत आहे का?" मी विचारलं. "कळत नाही," तो म्हणाला. "ऊब द्यायला लागेल. आणि थोडी ओल."

"ऊब आणि ओल," मी म्हटलं, "त्यात तर माझा हात धरणारं कुणी नाही."

पण शेडमध्ये ऊब नाही. त्याच्या काचघरात खालून गरम होणारा बाक आहे. मी गड्डा स्वतः उचलून तिकडे नेला, ऑक्टोबरमध्ये जिथे द्यायला नको म्हटलं होतं तिथेच. त्यानं जागा आधीच करून ठेवली होती. कोवळ्या लीकच्या, म्हणजे त्या जाड कांदापातीसारख्या भाजीच्या रोपांची अख्खी रांग जमिनीवर उतरवली होती, आणि लीक म्हणजे या माणसाचा जीव.

रविवार, १९ मार्च

काही नाही. रोज बघते. तोही बघतो. आम्ही दोघंही एकमेकांना "आज?" असं विचारत नाही.

रात्री झोप लागत नाही. समजा, नाहीच उगवलं. तीस वर्षं एक माणूस बी पेरत राहिला, शेवटी एक असं फूल मिळालं, आणि त्याची बायको किटली घेऊन आत गेली. हे मला आयुष्यभर पुरेल. पण दुसरंही खरं आहे: मेव्हिसनं हीटर दिला, कोळसेवाल्यानं थर्माकोल दिला, कथबर्टनं भुसा, शिडी, बाक, चहा. विल्फ गेल्यावर मी एकटी पडेन असं जॉयसला वाटत होतं. एकटी कुठे पडू देतात ही माणसं! गड्डा उठो न उठो, याची नोंद इथे असावी.

गुरुवार, २३ मार्च

सकाळी कथबर्ट घराच्या दाराशी. आजवर कधी आला नव्हता. धावत आला असावा, बोलता येईना. टोपी उलटी घातली होती.

"काय झालं? मेव्हिसला काही झालं का?"

त्यानं फक्त एक बोट वर केलं आणि त्याच्या टोकाशी अंगठ्यानं तांदळाएवढी जागा दाखवली.

मी पायात घरच्या सपाता तशाच ठेवून रूळ ओलांडले. गड्ड्याच्या मानेवर, जुन्या देठाला चिकटून, एक गुलाबी डोळा. खरोखर तांदळाएवढा. मी तिथेच खाली लीकच्या रोपांशेजारी बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. कथबर्टनं काचघराचं दार उघडून धरलं, वारा येण्यासाठी. मग आम्ही दोघंही हसायला लागलो.

रविवार, ९ एप्रिल

आता दोन कोंब आहेत. कथबर्ट म्हणतो एक कोंब कंदाच्या चिरफळीसकट कापून वेगळा लावायचा, म्हणजे दोन झाडं होतात. न कापता ठेवला तर एकच, आणि उशिरा कधी त्या एकावर दव गोठलं की संपलं. कापताना चुकलं तर दोन्ही जायची भीती.

चाकू विल्फचा. कथबर्टनं माझ्यापुढे धरला.

"तू काप," मी म्हटलं. "तुला येतं."

"माझं नाही ते."

मी कापला. श्वास रोखून, कारण श्वासाचा मला आता भरवसा नाही. कुंडीत लावला, माती दाबली. त्यानं पाठीवर हलकं थोपटलं आणि लगेच हात मागे घेतला, गरम तव्याला लागल्यासारखा.

रविवार, ३० एप्रिल

कापलेल्या कोंबानं मुळं धरली. कुंडीच्या खालच्या भोकातून पांढरी दिसतात. पानं हिरवी, ताठ. शेडही आता बंद पेटीसारखी नाही, दार उघडं असतं, खुर्ची मी बाहेर आणून उन्हात ठेवली आहे.

चॅपलमधून आल्यावर मी कुंडी उचलली आणि कुंपणापाशी गेले. कथबर्ट लीकच्या खड्ड्यात गुडघ्यापर्यंत उतरलेला.

"वर ये. हे घे."

त्यानं कुंडीकडे पाहिलं. "कशाला? ऊन दाखवायचं आहे का?"

"तुझ्या प्लॉटवर लावायला. एक माझ्याकडे, एक तुझ्याकडे. इकडे काही झालंच तर."

तो खड्ड्यातून वर आला. मातीचे हात पँटला पुसले, पुन्हा पुसले. "विल्फनं हे मला जन्मात दिलं नसतं, ऑलिव्ह."

"नसतंच दिलं. मी देतेय. तू नसतास तर द्यायलाही उरलं नसतं, एवढं मला कळतं. घे, नाहीतर मी विचार बदलेन."

"आणि सप्टेंबरमध्ये? प्रदर्शनात..."

"मांड की. मीही मांडणार आहे. आणि तू दुसरा येणार आहेस."

त्याचे डोळे भरून आले आणि तो हसत होता, दोन्ही एकदम. मी आभार मानायचे म्हणून तोंड उघडलं, तर त्यानंच आधी मानले. कसले, ते त्याला नीट सांगता आलं नाही. मलाही विचारवलं नाही.

उत्तरेकडून गार वारा सुटला होता. त्यानं कुंडी कोटाच्या आत छातीशी धरली, वाऱ्याकडे पाठ केली आणि उलट्या पावलांनी त्याच्या काचघराकडे निघाला. पडेल की काय, म्हणून तो आत जाईपर्यंत मी कुंपणाशी उभी राहिले.